थोड्या भांडवलाचा डाव

पैसे लावून पत्ते खेळणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. हाती कोणते पत्ते आले, हा पहिला. आणि आपल्यापुढे किती रक्कम आहे, हा दुसरा. सामान्यतः पहिल्याच प्रश्नाचा विचार होतो. पत्ते चांगले आले की मनुष्य स्वतःला भाग्यवान समजतो, वाईट आले की दैवाला बोल लावतो. परंतु पोकर या खेळात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो. समोर दोनशे रुपये असताना जे पत्ते खेळण्याजोगे ठरतात, तेच दोन हजार असताना टाकून द्यावे लागतात. याच्या उलटही घडते.

संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या रोख पैशांच्या पोकरमध्ये मुद्दाम थोडी रक्कम घेऊन बसण्याची एक पद्धत रूढ झाली. या पद्धतीत काही बळ आहे का, असल्यास ते कोठून येते, आणि थोडी रक्कम घेऊन बसणारा खरोखर थोडीच रक्कम धोक्यात घालतो का, हे या प्रकरणात आपण पाहू. हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. ज्या तंजावूर जिल्ह्यातील काही घरांत आजही दक्षिणी वळणाची मराठी बोलली जाते, तो जिल्हा तमिळनाडू राज्यात मोडतो. आणि ऑनलाइन रमी व पोकर यांवर कायदा करण्यासाठी या राज्याइतका दीर्घ झगडा भारतात क्वचितच कोणी केला असेल.

खेळाची रीत

पोकरचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. बावन्न पत्त्यांच्या जोडातून प्रत्येक भिडूला दोन पत्ते झाकून वाटले जातात. नंतर सर्वांसाठी सामाईक असे पाच पत्ते मध्ये उघडले जातात: प्रथम तीन, मग एक, मग शेवटचा एक. या सातांपैकी उत्तम पाच पत्ते ज्याचे, त्याचा डाव. पत्ते वाटल्यावर एकदा आणि प्रत्येक उघडणीनंतर एकदा, अशा पैज लावण्याच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत भिडू पैज बरोबरीस आणू शकतो, वाढवू शकतो किंवा पत्ते टाकून डाव सोडू शकतो. जमलेल्या रकमेला पॉट म्हणतात.

कोणीच पैसे लावले नाहीत तर डावच होणार नाही. म्हणून दोन भिडूंना पत्ते पाहण्यापूर्वीच ठराविक रक्कम मध्ये टाकावी लागते. तीन पत्ती खेळणाऱ्यांना ‘ब्लाइंड’ हा शब्द परिचित आहे. येथेही तोच वापरतात. लहान ब्लाइंड पाच रुपये आणि मोठा ब्लाइंड दहा रुपये असलेले टेबल आपण उदाहरणासाठी घेऊ. ब्लाइंडची पाळी चक्राकार फिरत राहते. सहा भिडूंच्या टेबलावर दर सहा डावांत प्रत्येकाला एकदा पाच व एकदा दहा असे पंधरा रुपये द्यावे लागतात, म्हणजे सरासरीने डावामागे अडीच रुपये. हे बसण्याचे भाडेच समजावे.

भिडूची रक्कम रुपयांत न मोजता मोठ्या ब्लाइंडच्या पटीत मोजण्याची प्रथा आहे, कारण रकमेचा अर्थ टेबलाच्या मापानेच ठरतो. आपल्या टेबलावर हजार रुपये म्हणजे शंभर ब्लाइंड. ही पूर्ण रक्कम समजली जाते. दोनशे रुपये म्हणजे वीस ब्लाइंड. ही थोडी रक्कम. ऑनलाइन पोकरच्या आरंभीच्या वर्षांत वीस ब्लाइंड घेऊन बसणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की पूर्ण रकमेने खेळणारे तक्रार करू लागले. २०१० च्या सुमारास मोठ्या आंतरराष्ट्रीय मंचांनी सर्वसाधारण टेबलांवरील किमान रक्कम वाढवली आणि थोड्या रकमेच्या खेळासाठी वेगळी टेबले काढली. ज्या पद्धतीविरुद्ध तक्रारी होतात, त्या पद्धतीत काही तथ्य असलेच पाहिजे.

टेबलावरच्या रकमेचा नियम

या पद्धतीचा पाया एका साध्या नियमात आहे. डाव सुरू झाल्यावर भिडूला फक्त पुढ्यात असलेली रक्कमच लावता येते. खिशातून आणखी काढता येत नाही, आणि खिशात नाही म्हणून डावातून हाकलूनही देता येत नाही. दोनशे रुपये असलेल्याने आपले सर्व दोनशे लावले, की तो शेवटपर्यंत डावात राहतो. बाकीचे दोघे हजार-हजाराचे धनी असले तरी त्याच्यापुरता पॉट तिघांच्या दोनशे-दोनशेंचा, म्हणजे सहाशेचा होतो. त्यावरील पैजा त्या दोघांच्या वेगळ्या पॉटमध्ये जातात.

या नियमाचे महत्त्व मराठी वाचकाला महाभारतावरून सहज पटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यासाठी दक्षिणेकडील पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याचे काम तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही होत असे. त्या ग्रंथातील सभापर्वात युधिष्ठिर हरतो तो केवळ शकुनीच्या कपटामुळे नव्हे. प्रत्येक पणानंतर नवी संपत्ती पटावर आणण्याची त्याला मोकळीक होती. धन गेले, राज्य गेले, मग भाऊ, मग स्वतः आणि शेवटी द्रौपदी. आरंभी जेवढे ठेवले तेवढ्यावरच खेळ थांबेल, असा नियम त्या सभेत असता तर अनर्थ धनापाशी थांबला असता. टेबलावरच्या रकमेचा नियम एका डावापुरते हेच संरक्षण देतो. मात्र ‘एका डावापुरते’ हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे पुन्हा यावे लागेल.

थोड्या रकमेचे बळ

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. एका भिडूने पैज वाढवून तीस रुपये केली. दोन्ही ब्लाइंड धरून मध्ये पंचेचाळीस रुपये झाले. आपण ब्लाइंडमध्ये नाही आणि आपल्यापुढे दोनशे रुपये आहेत. आपण सर्व दोनशे लावले. ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले असे धरू. आता पहिल्या भिडूला आणखी १७० रुपये घालून ४१५ रुपयांच्या पॉटसाठी झुंजायचे आहे. म्हणजे शंभरात सुमारे ४१ वेळा जिंकण्याची आशा असेल तरच त्याने पुढे यावे.

समजा, तो शंभरातून साठ वेळा पत्ते टाकतो. तेवढ्या वेळा आपल्याला पंचेचाळीस रुपये न झगडता मिळतात. सरासरी सत्तावीस रुपये. उरलेल्या चाळीस वेळा तो पुढे येतो. तेव्हा आपली जिंकण्याची शक्यता शंभरात केवळ बत्तीस असली तरी एकूण हिशेब बरोबरीत सुटतो. ती चाळीस असेल, तर अशा प्रत्येक डावामागे सरासरी तेरा रुपयांहून थोडा अधिक लाभ होतो. पत्ते कमकुवत असूनही लाभ होण्याचे कारण हे, की आपल्याला जिंकण्याचे दोन मार्ग आहेत: एक प्रतिपक्षाने माघार घेण्याचा आणि दुसरा पत्त्यांचा.

हजार रुपये असलेल्याला हा मार्ग परवडत नाही. पंचेचाळीस रुपये मिळवण्यासाठी हजार लावणे म्हणजे, केवळ माघारीवर विसंबायचे झाल्यास, शंभरातून सुमारे शहाण्णव वेळा प्रतिपक्षाने पत्ते टाकले पाहिजेत. दोनशे लावणाऱ्याला तेवढ्यासाठी सुमारे ब्याऐंशी वेळा पुरे होतात.

दुसरे बळ प्रतिपक्षाच्या अडचणीतून येते. लहान जोडी, उदाहरणार्थ दोन तिऱ्या, हाती असलेला भिडू मध्ये तिसरी तिरी उघडेल या आशेने स्वस्तात डाव पाहू इच्छितो. पहिल्या तीन पत्त्यांत ती येण्याचे प्रमाण सुमारे साडेसातास एक प्रतिकूल असे आहे. तीस रुपयांची पैज थोड्या रकमेच्या भिडूने लावली असेल, तर मधले पंचेचाळीस आणि त्याच्याजवळ उरलेले १७० मिळून २१५ रुपयेच जास्तीत जास्त हाती लागतील. तीस रुपयांच्या मानाने हे सात पटींहून थोडेच अधिक. म्हणजे तिरी आलेल्या प्रत्येक वेळी त्याचे सर्व पैसे मिळाले तरी सौदा तोट्याचाच. हजार रुपये असलेल्याविरुद्ध तोच भिडू १०१५ रुपयांची, म्हणजे चौतीस पटींची आशा धरू शकतो. मोठी रक्कम आशाळभूत पत्त्यांना आमंत्रण देते. थोडी रक्कम ते आमंत्रण मागे घेते.

तिसरी गोष्ट निर्णयांच्या सुलभतेची. मॅट फ्लिन, सनी मेहता आणि एड मिलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उरलेली रक्कम आणि पॉट यांच्या गुणोत्तरावर भर दिला आहे. आपण तीसची पैज लावली आणि मोठ्या ब्लाइंडवाल्याने ती बरोबरीस आणली, तर पॉट पासष्टचा होतो. दोनशेवाल्याजवळ १७० उरतात. गुणोत्तर सुमारे अडीच. हजारवाल्याजवळ ९७० उरतात. गुणोत्तर जवळजवळ पंधरा. गुणोत्तर लहान असताना मध्ये उघडलेल्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी आपली जोडी जुळली तर बहुधा सर्व रक्कम लावणे योग्य ठरते. गुणोत्तर पंधरा असताना त्याच जोडीवर तीन फेऱ्या लढणे संकटाचे असते, कारण एवढी रक्कम लावण्यास तयार असलेला प्रतिपक्ष बहुधा अधिक बळकट असतो. थोड्या रकमेचा भिडू कठीण फेऱ्यांपूर्वीच आपला डाव संपवतो. नवशिक्याला ही पद्धत सोपी वाटते, याचे कारण हेच.

केवळ धीर पुरत नाही

यावरून कोणी असे समजेल की उत्तम पत्त्यांची वाट पाहावी आणि ते आले की सर्व लावावे, बस. हिशेब तसे सांगत नाही. दोन पत्त्यांच्या एकूण १३२६ जोड्या संभवतात. त्यांपैकी दोन एक्क्यांच्या सहा आहेत, म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा एक्क्यांची जोडी येते. डावामागे अडीच रुपये ब्लाइंड धरल्यास तेवढ्या प्रतीक्षेचे मूल्य साडेपाचशे रुपयांच्या वर जाते. दोनशे रुपये घेऊन बसलेला भिडू एक्के येण्यापूर्वीच दोनदा रिकामा झालेला असेल. म्हणून पुष्कळ डाव सोडावेत हे खरे असले, तरी किती सोडावेत याला मर्यादा आहे.

शिवाय थोड्या रकमेबरोबर काही गोष्टी गमवाव्याही लागतात. कमकुवत प्रतिपक्षाने मोठी चूक केली, तरी आपल्याला तिचा दोनशेपुरताच लाभ होतो. पुढच्या फेऱ्यांत पत्त्यांचे आणि मनुष्यस्वभावाचे जे सूक्ष्म वाचन कुशल भिडू करतो, त्याला येथे वावच राहत नाही. थोडी रक्कम अकुशलाचे रक्षण करते आणि त्याच हाताने कुशलाला बांधून ठेवते.

प्रतिपक्षही शिकतो. आपण हलक्या पत्त्यांवर सर्वस्व लावतो हे त्याच्या ध्यानात आले, की तो साठऐवजी चाळीस वेळाच माघार घेतो. तो अधिक वेळा पुढे येतो, तेव्हा त्याचेही पत्ते अधिक हलके असतात. म्हणून आपली शक्यता समजा चाळीसवरून त्रेचाळीस होते. नवा हिशेब केला तर तेरा रुपयांचा लाभ पाच रुपयांवर येतो. दोन विचारी भिडूंमध्ये असा तोल कोठे स्थिरावतो, याचा शोध घेणारे शास्त्र जॉन फॉन नॉयमन यांच्या १९२८ च्या निबंधातून आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनश्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथातून उभे राहिले. त्या ग्रंथात पोकरचे स्वतंत्र विवेचन आहे. आज संगणक हा तोल काढून देतात. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील लिब्रेटस या प्रणालीने चार निष्णात व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. म्हणून ऑनलाइन टेबलावर समोर बसलेला निनावी भिडू किती शिकलेला आहे, किंबहुना तो मनुष्यच आहे की नाही, याची खात्री देता येत नाही.

मंचाचा वाटा

वरच्या सर्व हिशेबांत एक भागीदार आपण सोडला आहे. तो पत्ते खेळत नाही आणि कधी हरतही नाही. टेबल पुरवणारा मंच पॉटमधून आपला वाटा कापून घेतो. तो साधारण शंभरास पाचच्या आसपास असतो आणि त्याला बहुधा वरची मर्यादा ठेवलेली असते. ही रीत नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताचा अध्यक्ष जिंकलेल्या धनातून शेकडा पाच घेई, आणि फासे, जागा व पाणी यांचे भाडे वेगळे, असे सांगितले आहे. द्यूत एकाच ठिकाणी व्हावे, म्हणजे त्यावर नजर राहील, असा त्यामागचा हेतू होता.

आपल्या ४१५ रुपयांच्या पॉटमधून वीस रुपये कापले, तर पहिल्या उदाहरणातील तेरा रुपयांचा लाभ सुमारे दहावर येतो; चौथा हिस्सा गेला. दुसऱ्या उदाहरणातील, म्हणजे शिकलेल्या प्रतिपक्षाविरुद्धचा, पाच रुपयांचा लाभ पुरता नाहीसा होतो. दोन्ही भिडू बरोबरीचे असतील तर दोघेही हळूहळू हरतात आणि दोघांचेही मंचाकडे जाते.

ही लहानशी गळती किती घातक आहे, हे दाखवणारा एक जुना गणिती प्रश्न आहे. क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५७ साली संभाव्यतेवर जो छोटा ग्रंथ लिहिला, त्याच्या अखेरच्या प्रश्नांत तो आढळतो आणि ‘जुगाऱ्याचे दिवाळे’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. समजा, एकाजवळ वीस रुपये आहेत आणि ते शंभर होईपर्यंत किंवा संपेपर्यंत त्याला एकेक रुपया लावत खेळायचे आहे. प्रत्येक पणात जिंकण्याची शक्यता नेमकी अर्धी असेल, तर शंभरात वीस वेळा तो यशस्वी होईल. पण ती शक्यता शंभरात पन्नासऐवजी एकोणपन्नास असेल, तर यशाचे प्रमाण वीसवरून सव्वादोनच्या आसपास घसरते. एका टक्क्याचा फरक डोळ्यांना दिसत नाही. हजार वेळा पुन्हा पुन्हा आला की तो सर्व गिळतो.

तोच मनुष्य एकेक रुपया न लावता दर वेळी शक्य तेवढी मोठी रक्कम लावील, म्हणजे वीसचे चाळीस, चाळीसचे ऐंशी आणि मग शंभराला जेवढे कमी तेवढेच, तर यशाचे प्रमाण जवळजवळ एकोणीस राहते. लेस्टर डबिन्स आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात या धाडसी खेळाचे शास्त्र मांडले. प्रतिकूल खेळात रक्कम जितक्या कमी वेळा पणाला लागेल तितकी गळती कमी, हे त्याचे मर्म. वनपर्वातील नलोपाख्यानातही नल पुष्कराबरोबरचा पहिला खेळ लांबत लांबत हरतो. परंतु ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकून परतल्यावर एकाच पणात राज्य परत जिंकतो. थोड्या रकमेच्या डावामागे हेच तत्त्व आहे: थोडे निर्णय, मोठे निर्णय, लवकर शेवट.

पुन्हा भरण्याचा सापळा

परंतु धाडसी खेळाचा हा लाभ एका अटीवर मिळतो. शेवट आल्यावर उठून जावे लागते. ऑनलाइन टेबलावर नेमके हेच घडत नाही. तेथे रक्कम संपताच ती आपोआप पुन्हा भरण्याची सोय असते; बोट लावण्याचेही कारण पडत नाही. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तर ऑनलाइन टेबलावर साठ-सत्तर. आणि थोड्या रकमेचे निर्णय सोपे असल्यामुळे एकाच वेळी चार किंवा आठ टेबले उघडण्याचा मोह होतो. मग दोनशे रुपये दहा वेळा भरले जातात. प्रत्येक वेळी मनुष्य म्हणतो, ‘दोनशेच तर आहेत.’ रात्र सरते तेव्हा दोन हजार गेलेले असतात, आणि पूर्ण रकमेच्या भिडूला जेवढी भीती वाटली असती तेवढी त्याला एकदाही वाटलेली नसते.

टेबलावरच्या रकमेचा नियम एका डावापुरता आहे, असे आपण म्हटले होते, ते यासाठी. डावापुरती मर्यादा नियमाने मिळते. रात्रीची, महिन्याची आणि घरखर्चाची मर्यादा ज्याची त्यालाच घालावी लागते. युधिष्ठिराचा प्रत्येक पण स्वतंत्रपणे पाहिला तर एकच वस्तू होता. अनर्थ मालिकेत होता. अमेरिकन खेळाडू क्रिस फर्ग्युसन यांनी शून्यापासून दहा हजार डॉलरपर्यंत जाण्याचा जो प्रयोग २००६ मध्ये आरंभला, त्याचा मुख्य नियम पत्त्यांविषयी नव्हता. आपल्या एकूण खेळत्या भांडवलाच्या विसाव्या भागापेक्षा अधिक रक्कम कोणत्याही टेबलावर न्यायची नाही, हा तो नियम. म्हणजे दोनशे रुपये घेऊन बसायचे तर चार हजार असे बाजूला हवेत की जे गेल्याने घरात काही अडणार नाही. ज्याच्याजवळ केवळ दोनशेच आहेत, त्याची रक्कम टेबलाच्या मापाने थोडी असली तरी त्याच्या मापाने ते सर्वस्व असते.

तमिळनाडूतील कायद्याची वाट

हा धोका व्यक्तीच्या विवेकावर सोडावा की शासनाने आवरावा, हा प्रश्न तमिळनाडूत तीव्रतेने पुढे आला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात म्हटले होते. त्या आधारावर ऑनलाइन रमी आणि पुढे पोकर यांचा व्यवसाय वाढला. कर्जबाजारी झालेल्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. तंजावूर जिल्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या ज्या मदुराई पीठाच्या कक्षेत येतो, त्या पीठाने जुलै २०२० मध्ये या खेळांच्या नियमनाची गरज बोलून दाखवली. नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकूम निघाला आणि २०२१ च्या आरंभी कायदा झाला. ३ ऑगस्ट २०२१ रोजी उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीचा अहवाल आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये विधानसभेने नवे विधेयक संमत केले. राज्यपालांनी ते परत पाठवले, विधानसभेने मार्च २०२३ मध्ये पुन्हा संमत केले आणि एप्रिलमध्ये त्याला अनुमती मिळाली. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी उच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः राखला. मात्र रमी व पोकर हे कौशल्याचे खेळ असल्याने त्यांना संधीचे खेळ म्हणून बंदीच्या यादीत घालता येणार नाही, वेळ, वय इत्यादींचे नियमन करता येईल, असे सांगितले. तदनुसार २०२५ च्या आरंभी राज्याने नियम केले: मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत खेळ बंद, ओळखीची पडताळणी, आणि खेळाडूने आपल्या रकमेची दिवसाची, आठवड्याची व महिन्याची मर्यादा ठरवण्याची तरतूद. ३ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने वेळेचे व ओळखपडताळणीचे बंधन वैध ठरवले. पुढे संसदेने केलेल्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. त्यात कौशल्य आणि संधी हा भेदच बाजूला ठेवून पैशांच्या सर्व ऑनलाइन खेळांना मनाई करण्यात आली. देशातील प्रमुख मंचांनी लागलीच असे खेळ थांबवले, आणि त्या कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयापुढे गेली.

कौशल्य की संधी, या वादाकडे आपल्या हिशेबांच्या प्रकाशात पाहिले तर दोन्ही बाजूंचे खरे दिसते. माघारीचे प्रमाण, गुणोत्तर, प्रतिपक्षाची अडचण यांचा विचार करणारा भिडू न करणाऱ्यापेक्षा निःसंशय चांगला खेळतो. म्हणून कौशल्य आहे. परंतु मंचाचा वाटा आणि अखंड पुनरावृत्ती यांपुढे बहुतेकांचे कौशल्य तोकडे पडते. म्हणून हानीही आहे. खेळ कौशल्याचा ठरला म्हणून खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण जिंकतील, असे मुळीच सिद्ध होत नाही.

थोड्या भांडवलाने काय करता येते, याचे एक निराळे उदाहरण तंजावूरच्याच इतिहासात आहे. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातून राज्याचा कारभार गेला. तंजावूरचा किल्ला, महसुलाचा पाचवा हिस्सा आणि वार्षिक नेमणूक एवढेच उरले. गमावलेले सर्व परत मिळवण्याच्या आशेने उरलेले पणाला लावण्याचा मार्ग त्या काळी अनेकांनी धरला. सरफोजींनी उरलेल्या उत्पन्नाची मर्यादा ओळखली आणि त्यातून ग्रंथ, चित्रे, औषधी व पाठशाळा यांवर खर्च केला. १८५५ मध्ये शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर घराण्याची सत्ता नावापुरतीही राहिली नाही. सरस्वती महाल मात्र राहिला आणि १९१८ पासून सर्वांसाठी खुला झाला.

थोडी रक्कम ही स्वतः ढाल नव्हे आणि शस्त्रही नव्हे. ती एक सीमारेषा आहे. ज्याने ती आधी आखली आणि नंतर हलवली नाही, त्याला तिचा उपयोग होतो. दर वेळी पुसून जो पुढे आखतो, त्याचे दोनशे आणि दोन हजार यांत शेवटी काही अंतर राहत नाही.